सूचना: महापाषाणीय स्थळांच्या विकिपीडिया नोंदी

नागपूर परिसरातील महापाषाणीय (मोठे दगड रचून केलेल्या प्राचीन दफनांच्या) स्थळांवर काम करणाऱ्या विद्यार्थ्यांनी मजकूर शनिवारपर्यंत आपापल्या धूळपाटीवर (विकिपीडियावरील कच्च्या लिखाणाच्या पानावर) ठेवावा, थेट लेखात नको.

प्रत्येक विधानाला पृष्ठ क्रमांकासह संदर्भ हवा. ‘पुरातत्त्व खात्याचा अहवाल’ एवढ्याने भागत नाही. खात्याच्या वार्षिक आढाव्याचे वर्ष १९७८-७९ असे जोडवर्ष असते; अर्धेच लिहिले की पडताळणारा भलताच अंक उघडतो.

सर्वाधिक घोळ कालमापनात होतो. कार्बन-१४ ची तारीख अंशांकित (कॅलिब्रेटेड, म्हणजे कॅलेंडरच्या वर्षांत बदललेली) आहे की नाही ते स्रोतात पाहूनच लिहा. इ.स.पू. ८०० ते ४०० या टप्प्यात अंशांकनाची वक्ररेषा जवळपास सपाट आहे, त्यामुळे कालमर्यादा रुंद येतात. त्या तशाच द्या, मधला आकडा काढू नका. (हा मोह सगळ्यांनाच होतो.)

नैकुंडची लोखंड गाळण्याची भट्टी आणि माहुरझरीचे मणी एकाच संदर्भावर उरकू नका.

अहवालातील नकाशे, छायाचित्रे स्कॅन करून चढवली तर प्रताधिकारामुळे उडवली जातात. काटोल रस्त्याकडच्या जुनापाणीची शिलावर्तुळे स्वतः कॅमेऱ्यात टिपा, शेजारी मोजपट्टी ठेवून. दगडांवरचे वाटीसारखे खळगे सकाळच्या तिरप्या उन्हातच उठून दिसतात. तिथे स्वतः मोजलेले आकडे मात्र लेखात घालू नका; प्रकाशित स्रोतातलेच चालतील.