आई, तुझा तो एक प्रश्न

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

चंदीगडला मिग-२१ या लढाऊ विमानाला निरोप दिला, त्या दिवशी बाबा टीव्हीसमोरून जेवायलाही उठले नाहीत, असं आई म्हणाली होती. तेव्हापासून लिहायचं मनात होतं. बाबा, ओझरच्या विमान कारखान्यात तुम्ही ज्याच्या पत्र्यांना आयुष्यभर रिव्हेट मारलेत, ते विमान शेवटचं उतरताना बघणं जड जाणारच.

मला मात्र क्वार्टरच्या अंगणातल्या रात्री आठवल्या. लाइट गेली की खाट बाहेर यायची आणि तुम्ही हवाई दलातल्या परुळकरांची गोष्ट काढायचात. डिसेंबर १९७१ च्या युद्धात त्यांचं सुखोई-७ विमान पाकिस्तानात पडलं (आज ओझरला जोडतात ते सुखोई वेगळं, हे तुम्ही दरवेळी बजावायचात). रावळपिंडीच्या युद्धकैद्यांच्या छावणीतून, भिंत पोखरून, ऑगस्ट १९७२ मध्ये दिलीप परुळकर, ग्रेवाल आणि हरीश सिंहजी निसटले. पेशावर, जमरूद, लंडी कोतल. अफगाण सरहद्द हातातोंडाशी आली आणि त्यांनी चौकशी केली लंडी खाना स्टेशनची. नकाशात ते होतं, पण तिथली गाडी १९३२ मध्येच बंद झाली होती! इथं तुम्ही मुद्दाम थांबून तांब्यातलं पाणी प्यायचात, आणि दादा माझा हात घट्ट धरायचा.

पुढचं तुम्ही भराभर सांगायचात. त्या चौकशीनंच संशय आला, पकडले गेले, १ डिसेंबर १९७२ ला वाघ्यावरून मायदेशी आले, परुळकरांनी पुन्हा वर्दी चढवली, ग्रुप कॅप्टन होऊन निवृत्त झाले. गोष्ट संपली, झोपा आता.

तेवढ्यात आई अंधारातून विचारायची, "आणि तांबे?"

तुम्ही गप्प व्हायचात. आई, मला तेव्हा तुझा राग यायचा. एवढी रंगलेली गोष्ट, आणि ही मध्येच काय विचारते! फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे ५ डिसेंबर १९७१ ला पाकिस्तानातल्या शोरकोटवर हल्ल्याला गेले ते परतलेच नाहीत. पकडलेल्या वैमानिकांत त्यांच्यासारखंच एक नाव तिकडच्या पेपरात छापून आलं होतं. त्यांच्या पत्नी दमयंतीताई बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. वाघ्यावर बाकीचे उतरले, त्यांत ते नव्हते. २००७ मध्ये तिकडच्या तुरुंगांत शोधायला नातेवाईक गेले, तेव्हा त्याही गेल्या.

परुळकर गेल्याची बातमी वाचली, तेव्हा बाबांची गोष्ट आठवली आणि लगेच तुझा प्रश्नही. बाबा भिंत फोडून बाहेर पडणाऱ्यांचं सांगत होते आणि तू दाराशी उभ्या राहिलेल्या बाईचं विचारत होतीस. मला ते कळायला पन्नाशी उलटावी लागली.

शनिवारी अथर्वला घेऊन येते. बाबा, त्याला गोष्ट तुम्हीच सांगा, स्टेशनपाशी पाणी पिऊन. आई, तू स्वयंपाकघरात जाऊ नकोस, तिथेच बस. गुडघ्याचं तेल आणते आहे.

तुमची,
सुमा