होल्गर सर, लंबूला लांबून मारू दिल्याबद्दल थँक्यू

होल्गर सर, नमस्कार.

हे पत्र तुमच्यापर्यंत पोचायची शक्यता शून्य, आणि पोचलं तरी तुम्हाला मराठी येत नाही, मला जर्मन येत नाही, तुमचं गेश्विंडनर हे आडनाव मी आजही दर वेळी वेगळंच म्हणतो आणि पोरं खिदळतात. तरी लिहितोय, कारण मागच्या रविवारी ग्राउंडवर एका बाईंनी मला एक प्रश्न विचारला आणि तेव्हापासून डोक्यात तुम्हीच आहात, डर्क नोवित्स्कीला बास्केटबॉल शिकवणारे तुम्ही.

आधी मी कोण ते सांगतो. मी नागपूरचा, एका बँकेत काउंटरला बसतो, आणि रोज सकाळी साडेपाच ते साडेसात वस्तीतल्या सिमेंटच्या कोर्टवर पोरापोरींना बास्केटबॉल शिकवतो. पगार वगैरे काही नाही, हौस. उंची सहा फूट अडीच इंच, आमच्या खानदानात एवढा कोणीच नाही, त्यामुळे लहानपणापासून नाव एकच, लंबू. आठवीत मी बास्केटबॉल खेळायला गेलो तेव्हा आमच्या तेव्हाच्या सरांनी (नाव नाही घेत, माणूस वाईट नव्हता) मला वरून खाली पाहिलं आणि रिंगच्या खाली नेऊन उभं केलं. हात वर, बॉल आला की पकड, फिर, टाक. बास. पुढची सहा वर्षं मी तिथेच उभा होतो. एकदा फ्री थ्रो लाइनच्याही मागून, म्हणजे रिंगपासून चांगलं लांबून शॉट मारला, गेला पण, तरी बेंचवरून ओरडा आला, "अबे लंबू, तिथून काऊन मारतो? अंदर जा!" ते अंदर जा मला अजून झोपेत ऐकू येतं. पुढे कॉलेजला माझ्याहून उंच दोघं आले, मी रिंगखाली नको झालो आणि बाहेरचं काही येत नव्हतं, विषय संपला.

आता वाचणाऱ्यांसाठी थोडं, कारण आपल्याकडे मायकल जॉर्डन आणि कोबी ब्रायंट सगळ्यांना माहीत असतात, होल्गर गेश्विंडनर कोणाला माहीत नसतात. 1972 च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये हे पश्चिम जर्मनीच्या बास्केटबॉल टीमचे कॅप्टन होते, शिक्षण गणित आणि फिजिक्सचं. 1990 नंतरच्या कुठल्याशा वर्षी श्वाइनफुर्टच्या एका जिममध्ये मॅचसाठी गेले असताना यांना एक काडीसारखा पोरगा खेळताना दिसला. डर्क नोवित्स्की, पुढे एनबीए या अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या बास्केटबॉल लीगचा स्टार झालेला. 1978 चा जन्म, गाव व्युर्झबर्ग, बाप हँडबॉलवाला, आई पश्चिम जर्मनीकडून बास्केटबॉल खेळलेली. पोरगा आधी टेनिस खेळायचा, रँकिंगबिंकिंग होतं, पण उंचीवरून लोक विचित्र प्राणी असल्यासारखे चिडवायचे म्हणून कंटाळून सोडून आला. म्हणजे तिकडेही लंबूच! हे वाचलं तेव्हा मला इतकं बरं वाटलं ना सर, की काय सांगू.

तर तुम्ही त्या पोराला जाऊन विचारलंत की तुला शिकवतं कोण, आणि उत्तर आलं की कोणीच नाही. मग सुरू झालं ते राटेल्सडॉर्फच्या छोट्या जिममध्ये. त्या काळात एवढा उंच पोरगा मिळाला की जगातल्या कुठल्याही कोचने आधी त्याला वजनं उचलायला लावली असती आणि मग रिंगखाली धक्काबुक्कीला पाठवलं असतं. तुम्ही वजनं लांब ठेवलीत, त्याला शूटिंग दिलं, पासिंग दिलं, पुस्तकं वाचायला लावली, सॅक्सोफोन शिकायला लावलात. बास्केटबॉल म्हणजे जॅझ असं तुम्ही मानता. मला जॅझमधलं ओ का ठो कळत नाही, पण आमच्याकडे ढोलपथकात वाजवणारी दोन पोरं आहेत त्यांचं फूटवर्क बाकीच्यांपेक्षा चांगलं आहे हे मी स्वतः पाहिलंय, त्यामुळे तुमचं खरं असावं.

पण मला सगळ्यात आवडतं ते तुमचं गणित. बॉल कोणत्या कोनात सुटला म्हणजे थोडी चूक झाली तरी आत जाईल, हे तुम्ही डर्कच्या उंचीवरून, हाताच्या लांबीवरून कागदावर मांडलंत. हे मी पोरांना समजवायला घरून स्टीलचं ताट नेतो (बायको ओरडते, दोन ताटं पोचली आत्तापर्यंत). ताट वरून पाहिलं तर गोल, डोळ्यासमोर आडवं धरून तिरकं करत नेलं की चपटं चपटं होत जातं. रिंगचंही तेच. रिंग 45 सेंटीमीटरची, बॉल साधारण 24 चा, म्हणजे वरून पाहिलं तर जागाच जागा. पण बॉल 30 अंशात सपाट आला तर त्याला ती रिंग साडेबावीस सेंटीमीटरचीच दिसते, म्हणजे सरळ आत जायला वावच नाही, 45 अंशात आला तर जवळपास 32, आणि अजून उंचावरून उतरला तर आणखी. आमच्याकडची अर्धी पोरं गणितात नापास होणारी, पण हे त्यांना एका ताटात कळतं. तेव्हापासून "सर, ताट चपटं झालं" हा आमच्या कोर्टवरचा कोडवर्ड आहे.

तुम्ही डर्कला एक स्पष्ट विचारलं होतं, जगातल्या सर्वोत्तम खेळाडूंशी खेळायचंय की जर्मनीतला लोकल हीरो व्हायचंय, लोकल हीरो व्हायचं असेल तर आपण आजच थांबू, नसेल तर रोज ट्रेनिंग. दोन दिवस विचार करून तो हो म्हणाला. मी हा प्रश्न आमच्या एका पोराला विचारून पाहिला, तो म्हणाला, सर लोकल हीरो पण चालेल. असो.

1998 ला सॅन अँटोनियोच्या हूप समिटमध्ये (अमेरिकेची पोरं विरुद्ध बाकी जगातली पोरं अशी मॅच) डर्कने अमेरिकेच्या पोरांविरुद्ध 33 पॉइंट मारले, त्याच वर्षी एनबीएच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम नवे खेळाडू निवडतात त्यात, नववा नंबर, मिलवॉकीने घेतला आणि लगेच डॅलसला दिला. पहिलं वर्ष बेकार गेलं, मॅचला 8.2 पॉइंट, आणि लोक त्याला "इर्क" म्हणायचे, कारण डर्कमधला ड म्हणजे डिफेन्स आणि तोच गायब. (टोमणा म्हणून एक नंबर आहे, मान्य करायला हवं.) परत जर्मनीला जावं असं त्याच्या मनात येत होतं. पुढे मात्र गाडी सुटली ती सुटलीच. 2006 मध्ये या सात फुटाच्या माणसाने ऑल-स्टारची थ्री-पॉइंट स्पर्धा, म्हणजे लांबच्या लाइनबाहेरून शॉट मारायची, जिंकली, सर. सात फूट! आमच्या सरांना हे दाखवायला हवं होतं.

त्याच 2006 ला फायनलमध्ये (चार मॅच आधी जिंकेल तो चॅम्पियन) डॅलसची मायामीवर 2-0 अशी आघाडी आणि मग सलग चार मॅच हरले. 2007 ला 67 मॅच जिंकून अव्वल आणि पहिल्याच राउंडला आठव्या नंबरच्या गोल्डन स्टेटने घरी पाठवलं. डर्कने गोल्डन स्टेटच्या ओकलंडमधल्या अरेनात कचऱ्याचा डबा भिंतीवर असा भिरकावला की भोक पडलं. आणि टीम बाहेर पडल्यानंतर त्याला एमव्हीपीची, म्हणजे सीझनच्या सर्वोत्तम खेळाडूची, ट्रॉफी घ्यायला सूट घालून उभं राहावं लागलं, एमव्हीपी होणारा पहिला युरोपियन, आणि चेहरा तेराव्याला बसल्यासारखा. त्यानंतर तुम्ही त्याला घेऊन ऑस्ट्रेलियात भटकायला गेलात. बॉल नाही, जिम नाही, नुसतं रान आणि रस्ता. हे कोचिंगच्या कुठल्या कोर्समध्ये शिकवतात मला सांगा. आमच्याकडे मॅच हरली की दुसऱ्या दिवशी ग्राउंडला वीस राउंड. मीही हेच करायचो, तुमची ती ऑस्ट्रेलियाची गोष्ट वाचल्यावर बंद केलं, आता हरलो की तर्री पोहे.

आणि मग 2011. परत डॅलस आणि मायामी. फायनलची सहावी मॅच तिकडे 12 जूनला रात्री, आपल्याकडे 13 जून, सोमवार, पहाटे साडेपाच. मी ऑफिसचे कपडे इस्त्री करता करता बघत होतो. त्या सिरीजमध्ये पहिल्याच मॅचला डर्कच्या डाव्या हाताच्या मधल्या बोटाची कंडरा (टेंडन) तुटलेली, तरी दुसऱ्या मॅचमध्ये 15 पॉइंटने मागे असताना टीमला वर काढून शेवटच्या काही सेकंदांत लेअप (रिंगजवळ जाऊन टाकायचा शॉट) मारला तो त्याच डाव्या हाताने. चौथी मॅच तापात खेळला. आणि सहाव्यात हाफटाइमपर्यंत 12 पैकी एक शॉट आत! मी टीव्हीला शिव्या घालतोय, बाबा आतून विचारतायत कोण वारलं, आणि हा माणूस पुढच्या हाफमध्ये तसाच मारत राहिला, शॉट बदलला नाही, हात आखडला नाही, 21 पॉइंटवर गेला. 105-95, डॅलस चॅम्पियन. समोर मायामीचे लेब्रॉन, वेड, बॉश, तिघंही स्टार. मॅच संपली आणि तो नाचायच्या ऐवजी लॉकर रूमकडे पळाला, रडायला. इस्त्रीने माझा शर्ट जळाला ते मला नंतर वासाने कळलं.

मला राहून राहून वाटतं ते हेच, 12 पैकी 11 चुकल्यावर तेरावा शॉट मारायची परवानगी त्याला कुणी दिली होती? तुमच्या त्या राटेल्सडॉर्फच्या जिमने दिली होती. मी असतो तर दुसऱ्या चुकीला बेंचकडे पाहिलं असतं, मी पाहायचोच.

बाकी सगळं लोकांना माहीत आहे, एकाच टीमकडून 21 सीझन, 1,522 मॅच, 31,560 पॉइंट, 2019 ला निवृत्त, 2023 ला हॉल ऑफ फेम, म्हणजे महान खेळाडूंच्या मानाच्या यादीत. एवढा मोठा झाल्यावरही तो उन्हाळ्यात तुमच्याच त्या जिमला परत यायचा, आणि हॉल ऑफ फेमच्या भाषणात त्याने तुमचे आभार मानले. एका पायावर मागे झुकून मारायचा तो त्याचा शॉट आता सगळे मारतात. आज एनबीएतला फ्रान्सच्या वेंबान्यामासारखा एवढा अवाढव्य पोरगा थ्री मारतो तेव्हा कोणी त्याला अंदर जा म्हणत नाही.

आता रविवारचं. आमच्याकडे एक मुलगी आहे, तेरा वर्षांची, पाच फूट नऊ, पोक काढून चालणारी, उंच मुली चालतात तशी. शेजारच्या वस्तीशी मॅच होती. तिने थ्रीच्या लाइनवरून मारला, रिंगलाही लागला नाही, आणि तिने लगेच बेंचकडे पाहिलं. ती नजर मी ओळखतो सर, सहा वर्षं तीच नजर घेऊन मी खेळलोय. मी म्हणालो, ताट चपटं झालं, परत मार. तिने परत मारला, चुकला. परत मारला, तोही चुकला. समोरचे कोच मला हसत म्हणाले, अहो उंच पोरगी आहे, आत पाठवा ना. चौथा रिंगवर दोनदा नाचून आत पडला. मॅच आम्ही 11 पॉइंटने हरलो.

नंतर तिची आई आली, चिडलेली नव्हती, खरंच विचारत होती, "सर, ती रिंगखाली उभी राहिली असती तर जिंकलो असतो ना?" मी म्हणालो, हो ताई, बहुतेक जिंकलो असतो. मग त्या माझ्याकडे बघतच राहिल्या, आणि मी भर उन्हात त्यांना तुमची गोष्ट सांगायला लागलो, श्वाइनफुर्टपासून, अर्धा तास. त्या शेवटी म्हणाल्या, ठीक आहे, पण तिला पाठ सरळ ठेवायला पण शिकवा.

तर त्याबद्दल थँक्यू, सर. मला सहा वर्षं जे कोणी दिलं नाही ते मी आता दुसऱ्यांना देऊ शकतो, कारण तुम्ही ते एका लंबूला आधी देऊन दाखवलंत.

कधी नागपूरला आलात तर मेमध्ये अजिबात येऊ नका, डिसेंबरमध्ये या, संत्री असतात आणि सकाळी खेळायला मजा येते. आमची एक रिंग डावीकडे जरा कललेली आहे, वेल्डिंगवाला दोन महिने झाले उद्या येतो म्हणतोय. ती कललेली असताना कोन किती धरायचा ते तेवढं मांडून द्या.

तुमचा,
नागपूरचा एक लंबू