बाटलीवरचा आकडा

बेथेस्डा, मेरीलँड

ती. आईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. खानापुरात अजून पाऊस आहे आणि मावशीचे गुडघे दुखतायत, हे कळलं. येताना तिच्यासाठी इथल्या मल्टिव्हिटॅमिनच्या बाटल्या आणायला सांगितल्यास. "अमेरिकेचं औषध म्हणजे खात्रीचं" असं ती म्हणते ना? त्या खात्रीवरच माझं काम चालतं, म्हणून सविस्तर लिहिते.

इथे या गोळ्या औषधात मोडत नाहीत. १९९४ च्या कायद्याप्रमाणे त्या आहारपूरक. विक्रीला येण्याआधी त्यांचा गुण सरकारपुढे सिद्ध करावा लागत नाही. तपासणी करायची ती कंपनीने स्वतः. शिवाय जीवनसत्त्वं हवेने, दमटपणाने, उजेडाने कमी होत जातात. मुदत संपेपर्यंत लेबलवरचा आकडा टिकावा म्हणून कंपन्या सुरुवातीलाच थोडं जास्त घालतात. त्यामुळे गोळीत प्रत्यक्षात असतं ते लेबलपेक्षा वेगळं, बऱ्याचदा जास्तच.

मावशीला एका गोळीत थोडं इकडेतिकडे झालं तर विशेष फरक पडणार नाही. पण आम्ही हजारो लोकांना "कोणत्या गोळ्या घेता?" असं विचारून बेरीज करतो. बेरीज लेबलवरून केली तर आयोडीन किंवा ड जीवनसत्त्व कोणाला कमी पडतंय, कोणाचं मर्यादेपलीकडे जातंय, याचा हिशेबच चुकतो. म्हणून इथल्या कृषी खात्याने आणि आरोग्य संस्थेने मिळून गोळ्या बाजारातून विकत घेऊन मोजायला घेतल्या. एकाच कंपनीच्या वेगवेगळ्या बॅच घ्यायच्या, बऱ्याच गोळ्या एकत्र कुटून एकजीव पूड करायची, तिच्यासोबत प्रमाण ठाऊक असलेला नमुना प्रयोगशाळेला न सांगता धाडायचा. त्याचं उत्तर बरोबर आलं तरच बाकीच्यांवर विश्वास. लेबलवर इतकं असेल तर आत सरासरी किती, हे त्यातून काढतात. प्रौढांच्या मल्टिव्हिटॅमिनचे आकडे २००९ साली पहिल्यांदा खुले झाले, मग मुलांच्या आणि गरोदर बायकांच्या गोळ्यांचे. मला हे काम फार मोलाचं वाटतं. मोजल्याशिवाय बोलायचं नाही, एवढाच आग्रह आहे त्यात.

आता घरातलं. वहिनी केसांसाठी बायोटिन, म्हणजे एक ब जीवनसत्त्व, घेते म्हणालीस, आणि तिची थायरॉइडची तपासणी व्हायची आहे. जास्त बायोटिनमुळे काही प्रयोगशाळांच्या चाचण्या चुकीचं उत्तर देतात. थायरॉइड ठीक असूनही वाढलेलं दिसू शकतं. इथल्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ मध्ये तसा इशाराही दिलाय. रक्त द्यायच्या आधी तिने डॉक्टरांना बायोटिनचं सांगायलाच हवं, ते किती दिवस थांबवायचं ते सांगतील.

मावशी ड जीवनसत्त्वाची साठ हजार युनिटची पुडी आधीच घेतेय. त्यात आणखी बाटली घालायच्या आधी तिच्या रक्तातलं प्रमाण बघून घ्या. कॅल्शियमसाठी जांबोटीकडची नाचणी आहेच. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, आणि हा आकडा हैदराबादच्या पोषण संस्थेने धान्य तपासून काढलाय. दादाला म्हणावं, ती गिरणीतून दळून आणून दे.

घरात ज्या ज्या गोळ्या असतील त्यांच्या बाटल्यांचे फोटो पाठव, लेबल आणि बॅच नंबर दिसेल असे. वहिनीच्या तपासणीची तारीख ठरली की लगेच कळव.

बाबांना नमस्कार, छोटूला पापा.

तुझी,
मनू