माळावर खड्डे घ्यायच्या आधी हे वाच

प्रिय विन्या,

तुझा मेसेज वाचला. यंदा पावसाळ्याआधी गावच्या गायरानावर झाडं लावायची, पोरं तयार आहेत, जेसीबी मिळतोय, रोपांची पण सोय झालीय. वाचून लई भारी वाटलं, कारण गावात असल्या कामाला चार माणसं एकत्र आणणं किती अवघड असतं ते मला माहितीय. पण मी तुला अगदी कळकळीनं सांगतोय, माळावर खड्डे घेऊ नकोस. झाडं लाव, जरूर लाव, फक्त त्या माळावर नको. का ते जरा सविस्तर लिहितो, फोनवर एवढं बोलणं होत नाही.

तुमचा माळ उजाड नाहीये रे. कागदावर पडीक लिहिलंय म्हणून आपल्यालाही तसं वाटायला लागलं. देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशांत सुद्धा गवताळ आणि खुरट्या झुडपांची जमीन पडीक म्हणूनच धरलीय, आणि तिथनं सगळा गोंधळ सुरू होतो, कारण पडीक म्हटलं की कुणीतरी तिचा 'विकास' करायला येतंच. इंदापूर, बारामती, दौंड हा सगळा पट्टा पर्जन्यछायेतला, पाऊस ५०० मिलिमीटरच्या आसपास, मातीचा थर वीतभर आणि खाली मुरूम. अशा जागी गवत हेच मुख्य, मधेमधे एखादी बोर, हिवर, तरवड. जंगल तोडून हा माळ झालेला नाही, तो मुळातच असा आहे.

आता तुझ्या वेळापत्रकाकडे बघ. खड्डे एप्रिल-मेमध्ये घ्यायचे म्हणतोस. माळटिटवीची अंडी नेमकी त्याच दिवसांत असतात. घरटं म्हणजे काय, तर जमिनीवर एक उथळ खळगा आणि कडेला चार खडे, बास. अंडी मातकट, त्यावर गडद ठिपके, पायाशी असली तरी दिसत नाहीत, तू दोन हातांवर उभा असशील आणि तुला फक्त खडेच दिसतील. उन्हात जमीन तापली की ही बाई पाण्यावर जाते, पोटाची पिसं भिजवते आणि ओल्या पोटानं येऊन अंड्यांवर बसते, म्हणजे अंडी थंड राहतात. वरून डोळ्यांपुढं पिवळी चामडी लोंबणारं ते इवलंसं तोंड आणि नजर सारखी चारी बाजूला. जेसीबीच्या एका फेरीत असली किती घरटी जातील ते चालवणाऱ्याला कळणार पण नाही, आणि त्याचा बिचाऱ्याचा दोष पण नाही. धाविक, पखुर्डी, चंडोल सगळे असेच जमिनीवर अंडी घालणारे. त्यांना उघडं रान लागतं, लांबून येणारा शत्रू दिसला पाहिजे. ओळीनं झाडं लावली की त्यांच्यासाठी ती जागा गेलीच.

आणि झाडं कुठली जगतात? तुझ्या यादीत पहिलं नाव गिरिपुष्प आहे. ते मूळचं मध्य अमेरिकेतलं, आपल्याकडं गुरं सहसा तोंड लावत नाहीत म्हणून प्लांटेशनवाल्यांना आवडतं. पुण्याच्या टेकड्यांवर जाऊन बघ, नुसतं तेच उभंय, त्याच्या सावलीत गवत नाही, गवत नाही म्हणून नाकतोडे नाहीत, आणि नाकतोडे नाहीत तर हिवाळ्यात मध्य आशियातनं येणारे भोवत्या हे शिकारी पक्षी तिथं उतरून खाणार काय? लांबून हिरवं दिसतं एवढंच.

सोलापूरजवळच्या नान्नजचा माळढोक पक्षी तुला माहितीच आहे. १९७९ ला त्याच्यासाठी अभयारण्य झालं, तरी आज तिथं तो दिसणं म्हणजे नशीबच. कारणं बरीच आहेत, शिकार, विजेच्या तारा, शेती, पण गवताळ रान तुटत गेलं हे त्यातलं मोठं कारण. वर्षाला एकच अंडं घालणारा पक्षी, तो किती सहन करणार.

मग करायचं काय, हे तू विचारणारच. माझं म्हणणं एवढंच की माळाला वेळ द्यायचा आणि त्रास कमी करायचा. सगळ्यात आधी वणवा. नवं गवत चांगलं फुटतं म्हणून लोक काडी लावतात, त्यात बोरीची-हिवराची रोपटी जळतात, सरडे, अंडी सगळं जातं. दिवाळीनंतर गवत वाळलं की रस्त्याच्या कडेनं आणि बांधाच्या बाजूनं रुंद जाळरेषा काढा, म्हणजे आग पुढं सरकू नये म्हणून गवत काढलेला मोकळा पट्टा, तुझी ती पोरं इथं खरी कामाला येतील, आणि उन्हाळ्यात दोघं-दोघं पाळीनं लक्ष ठेवा. खड्ड्यांपेक्षा हे काम जास्त मोलाचं आहे, फक्त त्याचे फोटो भारी येत नाहीत.

दुसरं चराई. ही सरसकट बंद करू नका, मी हे मुद्दाम सांगतोय. धनगर आणि त्यांची मेंढरं त्या माळाचीच आहेत, लांडगा पण त्यांच्या मागंच जगलाय, आणि धाविकाला तर चरून आखूड झालेलं गवतच लागतं. कासच्या पठारावर कुंपण घातलं, गुरं थांबली आणि फुलं कमी व्हायला लागली अशी ओरड झाली, शेवटी कुंपण काढावं लागलं. तुम्ही माळाचे तीन-चार भाग पाडा, पावसाळ्यात एक भाग मोकळा सोडा, पवन्या आणि मारवेल ही गवतं फुलून बी पडलं की मग तिथलं गवत विळ्यानं कापून न्या, पुढच्या वर्षी दुसरा भाग. हिवरे बाजारनं चराईबंदी करून गवत कापून न्यायची पद्धत लावली आणि त्यांचा चारा वाढला, गावाला गवतात फायदा दिसला म्हणून ते टिकलं. पण तुमच्याकडं मेंढपाळांना बसवून, त्यांना विचारूनच भाग ठरवा, नाहीतर पहिल्याच वर्षी भांडणं.

मयुरेश्वर अभयारण्य बारामती तालुक्यातल्या सुप्याला आहे, जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं, तिथं एकदा मुद्दाम पोरांना घेऊन जा. खुरट्या झुडपांत चिंकारा उभा असतो आणि हलला तरच दिसतो. एवढीशी जागा पण तिथं हे टिकलंय, ते बघितलं की पोरांना माझ्या पत्राची गरजच उरणार नाही.

अजून एक, गावातली मोकाट कुत्री. त्यांच्यामुळं खोकडांना आणि लांडग्यांना डिस्टेंपर, रेबीज असले जीवघेणे आजार होतात, आणि पुण्याजवळ तर लांडगा-कुत्र्याचा संकर झाल्याचं जनुकीय चाचणीतनं सिद्ध झालंय. लसीकरणाचं शिबिर लावता आलं तर लाव, आणि मेलेली जनावरं, कोंबड्यांची घाण माळावर टाकणं बंद करा, कुत्री त्याच्यावरच वाढतात.

झाडं लावायची हौस आहे ना, मग ओढ्याच्या काठानं करंज, उंबर, जांभूळ लाव, शाळेत लाव, बांधावर बोर-बाभूळ लाव. तिथं पाणी पण देता येईल.

ग्रामसभेत एक गोष्ट नक्की मांड. २००२ च्या जैवविविधता कायद्यानं प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला पाहिजे आणि लोकजैवविविधता नोंदवही पण. बऱ्याच ठिकाणी समिती कागदावरच असते. तुमची आहे का विचार, असेल तर नोंदवही मागून घे, तिच्यात या माळावरची गवतं आणि पक्षी लिहिलेत का बघ. म्हाताऱ्या मेंढपाळांना गवतांची जेवढी नावं येतात तेवढी आपल्याला कुणालाच येत नाहीत, त्यांच्याकडनं लिहून घे, उद्या कुणी त्या जमिनीवर प्रकल्प आणायला निघालं तर तीच नोंद दाखवता येईल.

जेसीबीवाल्याला नको म्हणायला अवघड वाटत असेल तर त्याला जुन्या पाझर तलावाचा गाळ काढायला लाव. ग्रामसभा कधी आहे ते कळव, मी रजा टाकून येतो, आणि त्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी आपण दोघं माळावर चक्कर मारू, सोबत तलाठ्याकडचा गट नकाशा घेऊन ठेव.

तुझाच,
सुहास