शनिवारी 'सिस्टर ॲक्ट २'

सभासदहो,

येत्या शनिवारी संध्याकाळी ६ वाजता वाचनालयाच्या वरच्या सभागृहात 'सिस्टर ॲक्ट २' (१९९३) हा इंग्रजी चित्रपट दाखवणार आहोत. सॅन फ्रान्सिस्कोतली बंद पडू घातलेली शाळा, आणि तिथल्या द्वाड वर्गातून गायनवृंद उभा करणाऱ्या शिक्षिकेच्या भूमिकेत व्हूपी गोल्डबर्ग. पहिला भाग पाहिला नसला तरी अडत नाही. त्या वर्गातली एक विद्यार्थिनी झालेली गायिका लॉरिन हिल तेव्हा विशीच्याही आतली होती. निदान तिचा आवाज ऐकायला तरी याच!

• चित्रपट पावणेदोन तासांचा आहे, ६ला म्हणजे ६लाच सुरू होईल.
• मुलांना जरूर आणा, विशेषतः गाणं शिकणाऱ्यांना.
• किती जण येणार ते गुरुवारपर्यंत इथेच कळवा, खुर्च्या मागवायच्या आहेत.
• गाणी चालू असताना फोन बंद ठेवा, ही कळकळीची विनंती.