करेज्माआधी कुंपण हवं : बालवाडीच्या परसासाठी आवाहन

सप्रेम नमस्कार.

गेल्या मार्चमधल्या एका सोमवारी आमच्या बालवाडीची मुलं फाटकातून आत आली आणि तिथेच खिळली. शनिवारपर्यंत जिथे तांबड्या भाजीचे दोन वाफे होते, तिथे नुसता चिखल आणि शेण. चवळीचे वेल मुळासकट गेलेले. भिंतीकडचं लिंबाचं झुडूप मोडून आडवं पडलेलं. गुरं कोणाची ते सगळ्या वाड्याला ठाऊक आहे, म्हणून इथे लिहीत नाही. शिवाय अर्धा दोष आमचाच. कुंपण म्हणून आम्ही करवंदीच्या काट्या आणि जुन्या साड्यांच्या पट्ट्या बांधल्या होत्या. गुरांना तेवढ्याने काय होणार?

भाजी पुन्हा पेरता येते. मुलांना लागलं ते लिंबाचं. फेब्रुवारीत त्याच्या पानावर काळं-पांढरं काहीतरी दिसलं. मुलं म्हणाली, कावळ्याने घाण केली. मग ती घाण चालायला लागली! लिंबाळी फुलपाखराची अळी होती ती. लहानपणी ती पक्ष्याच्या विष्ठेसारखीच दिसते, म्हणून पक्षी तिच्या वाटेला जात नाहीत. पुढे कात टाकून ती हिरवीगार झाली. एका धिटुकल्याने काडीने डिवचलं, तर डोक्यातून नारिंगी शिंगं बाहेर आली आणि असा काही वास सुटला की पोरं नाक धरून पळाली. मग कोश झाला. रोज प्रार्थना झाली की रांगेने जाऊन कोश बघायचा, असा नेमच पडला. एका सकाळी नुसतं फुटलेलं कवच लटकत होतं. फुलपाखरू उडताना कोणीच पाहिलं नाही, यावर दोन दिवस हळहळ चालली. दुसरा कोश उमलायच्या बेतात होता, आणि त्याच शनिवारी रात्री गुरं शिरली.

हे सगळं सांगायचं कारण, आमच्या वर्गाचा फेब्रुवारी ते एप्रिलचा अभ्यास या परसातच होतो. वर्ग चर्चच्या आवारात, गोव्याच्या डिचोली तालुक्यात. सकाळी प्रार्थना, येशूच्या गोष्टी, गाणी. मुलं मात्र दोन्हीकडची आहेत, हिंदू घरांतली थोडी जास्तच. प्रार्थनेला कोणी हात जोडतं, कोणी बोटांत बोटं गुंफतं, आणि डबा उघडायची घाई सगळ्यांना सारखीच.

येत्या २०२७ सालचा वसंत आम्हाला वाया घालवायचा नाही, कारण यंदा योग मोठा छान आहे. कार्निव्हल संपला की १० फेब्रुवारीला राखेचा बुधवार. कोकणीत त्याला गोबराचो बुधवार म्हणतात. मराठी घरातल्या मुलांना यात दरवर्षी शेण दिसतं आणि दरवर्षी टीचरना सांगावं लागतं की बाबांनो, गोबर म्हणजे राख. ही राख गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारी, घरी नेलेल्या झावळ्या जाळून केलेली असते. त्या आठवड्यात मुलं आपल्या घरच्या चुलीची राख मूठमूठ आणून वाफ्यात मिसळतील आणि तांबडी भाजी पेरतील. करेज्म, म्हणजे ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ, संपायच्या आत ती भाजी काढायला येते. दाणा मातीत गेल्याशिवाय पीक येत नाही, ही येशूची गोष्ट पाच वर्षांच्या मुलाला चित्राने कळत नाही. रोज उकरून 'आलं का?' बघितल्याने कळते. उकरलेले दाणे वाया जातात, तर जाऊ देत. नाताळच्या गोठ्यासाठी घरी नाचणी रुजवणारी मुलं वर्गात आहेत, नवरात्रीचं रुजवण बघितलेलीही आहेत. कोणाला नव्याने समजवावं लागत नाही.

२१ मार्चला झावळ्यांचा रविवार, २२ला फाल्गुन पौर्णिमा, २८ला ईस्टर. सगळं एकाच आठवड्यात! आपल्या नव्या काबिजादींत, म्हणजे पोर्तुगीजांनी मागाहून घेतलेल्या तालुक्यांत, शिगमो (गोव्याचा शिमगा) पौर्णिमेपासून रंगतो, म्हणजे बाहेर ढोल-ताशे वाजत असतील. आणि गुरुवार संध्याकाळपासून चर्चची घंटा गप्प होईल. ईस्टरच्या रात्रीपर्यंत तिच्या जागी लाकडाची मतराक खडखडेल. टीचरनी तो अख्खा आठवडा 'आवाजांचा आठवडा' करायचा ठरवलं आहे. ढोल, ताशा, कांसाळें, मतराक, सगळी वाद्यं हाताळायची आणि मग घंटेची वाट बघायची. सेंट फ्रान्सिस झेवियर १५४२ साली गोव्यात आले तेव्हा हातात घंटा वाजवत गल्लोगल्ली फिरून मुलं गोळा करायचे, ती गोष्टही तेव्हाच सांगायची.

ईस्टरच्या अंड्यांचं जरा वेगळं झालं. काही घरांतून वर्गात अंडी नकोत असा निरोप आला. एका आजीने तोडगा काढला : कुळागरातली पिकलेली, न सोललेली पोफळं. आकार अंड्याचा, वर आधीच केशरी रंग, पडली तरी फुटत नाहीत. आता आम्ही दरवर्षी पोफळंच रंगवतो. हळद, बीट आणि भिरंडीचा (कोकमाचा) रंग लावून ती पानांत लपवायची आणि शोधायची.

आता मागणीचं. एकूण ६५,००० रुपये लागतील असा अंदाज आहे. सर्वांत मोठा खर्च कुंपणाचा : खाली चिऱ्यांचा गडगा, वर जाळी आणि धड बंद होणारं फाटक, मिळून ३८,०००. मार्चपासून विहीर खाली जाते आणि मुलांना वाफ्यावर ओतायला पाणी राहत नाही, म्हणून टाकी आणि मुलांच्या हाताला येईल असा नळ, १२,०००. माती, शेणखत, रोपं आणि उन्हासाठी मांडव यांना १५,०००. आतापर्यंत २१,००० जमले आहेत.

पैसे पालक समितीकडे जमा होतात, चर्चच्या खात्यात नाही. 'चर्चच्या वर्गाला आम्ही का द्यावं' असं काहींनी विचारलं म्हणून हे मुद्दाम लिहिलं. विचारलं याचा राग नाही. पावती मिळेल, हिशेब एप्रिलमध्ये फळ्यावर लागेल. आमच्याकडे ८०जी नाही, त्यामुळे करात सूट मिळणार नाही.

एक नाजूक गोष्ट. आखातात, बोटीवर असलेल्या आणि भारतीय पासपोर्ट असलेल्या गाववाल्यांनी आपल्या कमाईतून बँकेमार्फत अवश्य पाठवावं. पण ज्यांनी पोर्तुगीज पासपोर्ट घेतला आहे त्यांचे पैसे आम्हाला घेता येत नाहीत, ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) असलं तरी. कायद्याने ती परदेशी देणगी ठरते आणि त्यासाठी लागणारी नोंदणी आमच्यासारख्या छोट्या समितीकडे नाही. कृपया मनाला लावून घेऊ नका. सुट्टीत गावात आलात की एक दिवस फावडं धरा.

कारण पैशांइतकेच हात हवे आहेत. मांडवासाठी बांबू आणि चुडतां (माडाच्या झावळ्या) हवीत, आणि ती विणणारा माणूस हवा; आमच्यापैकी एकालाही धड विणता येत नाही. गडग्यासाठी उरलेसुरले चिरे चालतील. गावठी चवळी, भेंडी, तांबड्या भाजीचं बी मूठभर दिलंत तरी पुष्कळ. लिंबाची आणि कढीपत्त्याची रोपं खास हवीत, अळ्या तिथेच येतात. आज्यांना आणि शामायांना (ख्रिस्ती घरांतल्या आज्यांना) विशेष विनंती : सुरंगीच्या दिवसांत एक सकाळ येऊन मुलांना वळेसार, म्हणजे सुरंगीचा गजरा, गुंफायला शिकवा. टीचरना येतो, पण त्यांचा तुटतो.

टीव्ही नको. एका हितचिंतकाने देऊ केला होता, आम्ही आभार मानून परत पाठवला. प्लास्टिकचं हिरवं गवतही नको.

कुंपणाचं काम कार्निव्हलच्या आत, म्हणजे ६ फेब्रुवारीपूर्वी उरकायचं आहे. जानेवारीतल्या दर रविवारी मिसा (चर्चमधली रविवारची उपासना) संपल्यावर साडेनऊपासून आम्ही परसात असू. येताना फावडं, कोयता, जे असेल ते आणा. चहा आणि पाव-भाजी आमच्याकडून. ज्यांची गुरं आहेत त्यांनीही यावं. शेणखत त्यांच्याकडूनच घ्यायचं आहे.

आपली,
पालक समिती