आजी अजून आजीच आहे

नगर,
रविवार, उपासनेनंतर

प्रिय बाबू,

सलाम आणि गोड आशीर्वाद.

फोनवर बोलायला घेतलं की तुझे बाबा स्पीकर लावतात, मग मनातलं राहून जातं, म्हणून लिहायला बसले. नाताळात तू आलास, माळ्यावरचा तारा काढून लावलास, बाबांच्या गोळ्यांचा डबा वारांप्रमाणे भरून दिलास. आठवण हरवलेल्या आजीच्या खोलीत मात्र एकदाही गेला नाहीस. दारातूनच बघायचास. निघताना मी म्हटलं, आजीला भेटून ये, तर म्हणालास, "आई, आत आजी नाहीये. मेंदू गेला की माणूस गेला. उरतं ते शरीर."

तू देव मानत नाहीस त्याबद्दल मला काही लिहायचं नाही. मंडळीत सगळ्यांना ते कळलंय. पाळकसाहेबांनी विचारलं तेव्हा, मुलगा मेंदूवर संशोधन करतो, असं मी मान ताठ ठेवून सांगितलं.

मन शरीरावर किती टेकलेलं असतं हे मी मिरजेला वॉर्डात कामाला असताना रोज पाहिलं आहे. सोडियम उतरलेले म्हातारबाबा बायकोला ओळखायचे नाहीत, भिंतीशी बोलायचे. सलाइन अगदी सावकाश द्यायचं. हळूहळू भानावर येऊन ते तिच्याकडेच चहा मागायचे. थायरॉईड मंदावलेली एखादी बाई उगाच रडत असायची आणि गोळ्या सुरू झाल्यावर काही आठवड्यांनी घरच्या गप्पा सांगत यायची. हे डोळ्यांआड करून विश्वास ठेवावा लागत असता तर मी तो कधीच सोडला असता. माणूस मातीपासून केला, हे तर आपल्या शास्त्राच्या दुसऱ्याच पानावर आहे. तो मातीचा आहे हे मला मान्य. तो तेवढाच आहे, हे कुठल्या स्कॅनमध्ये दिसलं तेवढं मला सांग.

तूच मला त्या ऑगस्ट बाईंची हकीकत सांगितली होतीस. 1901 साली फ्रँकफर्टच्या इस्पितळात डॉक्टर अल्झायमर त्यांना नाव विचारत, त्या ऑगस्ट म्हणत. आडनाव विचारलं तरी ऑगस्टच. आणि त्याच बाई म्हणाल्या होत्या, मी स्वतःला हरवून बसले आहे. बाबू, हे म्हणणारं कोण होतं? आपण हरवलोय हे कळणारी, दुसऱ्या माणसाला ते सांगणारी ती बाई त्या खोलीत होतीच ना? कुठल्या पेशी आधी मरतात हे तू मला सांगशील आणि ते खरंच असेल. पण पेशींना दुःख होत नाही रे. दुःख ऑगस्ट बाईंना होत होतं.

देव न मानणारा माणूस कोरडा असतो असं मला म्हणायचं नाही. आगरकर दम्याने खंगून 1895 मध्ये गेले, तेही आपल्या अंत्यविधीचे पैसे पुरचुंडीत बांधून ठेवून. त्याच वर्षी ना. वा. टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. मला दोघांबद्दलही आदर आहे. पण केशवपन केलेल्या पोरीला आगरकरांनी माणूस म्हटलं ते काय तिचा मेंदू तपासून? तिची किंमत त्यांनी आधीच धरली होती. ती कुठून येते हे माझ्या विश्वासात मला सांगता येतं, तुझ्या हिशेबात मला ते सापडत नाही. आणि श्रद्धा म्हणजे मरणाची भीती, असं तू म्हणालास. पंडिता रमाबाईंची मनोरमा 1921 मध्ये गेली, पुढच्या एप्रिलमध्ये बाई गेल्या. त्या मधल्या महिन्यांतही त्या बायबलच्या भाषांतराला बसत होत्या. भिऊन धरलेल्या गोष्टीवर माणूस एवढं उभं राहू शकत नाही.

बघ, आलेच मी भाषणावर. रागावू नकोस. संडेस्कूल शिकवलेल्या बायकांचं असंच होतं.

केडगावच्या आजींचं मात्र सांगायलाच हवं. 1897 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून रमाबाईंच्या मुक्ती आश्रमात आलेल्या पोरींमधल्या त्या. आईबापांची नावं त्यांना शेवटपर्यंत आठवली नाहीत, गावही नाही. आपण कुणाच्या, हेच माहीत नसलेली ती मुलगी पुढे आपल्या सगळ्या घराण्याची मूळ झाली. त्यांनी आजीला यशयाचा एकोणपन्नासावा अध्याय पाठ करून घेतला होता. आई आपल्या तान्ह्याला विसरेल, पण मी तुला विसरणार नाही, मी तुला तळहातावर कोरलं आहे, असा तो देव. आजी तो मला स्वयंपाकघरात म्हणून दाखवायची. तेव्हा मी नवी सून होते, भाकरी करपेल म्हणून निम्मं लक्ष तव्याकडे असायचं. आता तिला माझं नाव येत नाही. मला "सिस्टर" म्हणते. मी तिला न्हाऊ घालते तेव्हा तो अध्याय मी म्हणते. कधी मधला एखादा शब्द ती उचलते, कधी नाही. ती बोलली तरच ती आजी, असं मी धरत नाही. तिला कोणीतरी ओळखून आहे, तिच्या आठवणीवर तिचं असणं टेकलेलं नाही, असं मी मानते. तुला हे पटवता येत नाही म्हणून रात्र रात्र झोप लागत नाही.

खरी धास्ती आता लिहूनच टाकते. माझी आई अशीच गेली, मावशीचंही तेच चाललंय. मी गॅस बंद केला का ते पुन्हा पुन्हा बघते. बाबांना सांगितलेलं नाही. उद्या मी तशी झाले आणि तू माझ्याही दारातून बघून परत फिरलास तर? देव मला विसरणार नाही हे मला पक्कं ठाऊक आहे, तरी भीती वाटते, कारण तू माझ्या पोटचा आहेस.

चर्चला येऊ नकोस, प्रार्थनेच्या वेळी डोळे मिटू नकोस. ईस्टरला ये आणि आजीच्या खोलीत जा. स्टूल मी पलंगाजवळ ठेवलंय, डाव्या बाजूला बस, उजव्या कानाने तिला ऐकू येत नाही. तू कोण म्हणून ती विचारेल. नाव सांग. पुन्हा विचारेल, पुन्हा सांग.

तिकीट लवकर काढ, त्या आठवड्यात गाड्या भरलेल्या असतात.

तुझी,
आई